आठ वाजताचं रक्त

एंडोक्रायनोलॉजीला, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या विभागात, रुजू होऊन चार दिवस झाले होते. ओपीडीत एका बाईंचा रिपोर्ट घेऊन मी मॅडमसमोर गेले आणि एमडीच्या सवयीने धाडकन सांगितलं, "कॉर्टिसॉल अकरा आहे, मॅडम."

"किती वाजता?"

मी कागद उलटसुलट करून पाहिला. वेळ कुठेच नव्हती.

"दादरला उभं राहून नुसतं 'गाडी आली' म्हणालीस तर कोण चढेल?" मॅडम म्हणाल्या. "सकाळी आठचं अकरा असेल तर अजून एक टेस्ट लागेल. रात्री बाराचं, झोपेतलं अकरा असेल तर कुशिंगचा शोध सुरू करायचा." आणि त्यांनी पुढचा पेपर ओढला. कॉर्टिसॉल हा शरीराला ताणात तगवणारा हार्मोन. सकाळी तो भरपूर असतो, मध्यरात्री अगदी कमी. तो सतत जास्त राहिला तर तो कुशिंगचा आजार.

एंडोक्रायनोलॉजीचं डीएम म्हणजे एमडी मेडिसिननंतरची आणखी तीन वर्षं. त्याआधी नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा: १५० प्रश्न, अडीच तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. माझा अभ्यास बहुतेक ड्यूटीरूममधल्या पंख्याखाली, दोन ॲडमिशनच्या मधे झाला. बरोबरीच्या बहुतेकांना कार्डिओलॉजी नाहीतर गॅस्ट्रो हवं होतं. हातात कॅथेटर किंवा स्कोप असला की डॉक्टर असल्यासारखं वाटतं, असं एक मित्र म्हणायचा. "तुझ्या हातात काय असणार? टेप!" आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे शुगरची डॉक्टर? ती तर झालीच आहेस की." काकूने आणखी पुढे जाऊन सगळ्या नात्यात 'थायरॉइडवाली' असं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून लग्नाकार्यात माझ्या पानाशेजारी कुणी ना कुणी रिपोर्ट घेऊन बसतं.

मला मात्र हेच हवं होतं, आणि त्याला कारण माझीच एक चूक होती.

एमडीच्या दुसऱ्या वर्षी, गावाकडे, पस्तिशीतल्या एक बाई वॉर्डात आल्या. अंगात त्राण नाही, भूक नाही, चेहरा पांढुरका, बोलणं संथ. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचा हार्मोन, कमी आला म्हणून मी थायरॉइडची गोळी सुरू केली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला 'काम वाढव' असं सांगणारा हार्मोन, नॉर्मल आहे हे मी पाहिलं होतं, पण टी-फोर इतका कमी असताना टीएसएच नॉर्मल कसा, हा प्रश्न डोक्यात आला नाही. पाचव्या दिवशी बाईंचा बीपी लागेना. सलाईनवर सलाईन चालू. आमच्या सरांनी पुण्यातल्या एका एंडोक्रायनोलॉजिस्टना फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, आणि दूध आलं होतं का?

मी सासूबाईंना विचारलं. "कुठलं दूध, बाई. नातू पावडरीवरच वाढला. पाळी गेली ती बी तवाच." नातू सहावीत होता.

बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला की कधीकधी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वाळून जाते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली याचं वर्णन केलं, म्हणून शीहान सिंड्रोम. थायरॉइडला हुकूम देणारी पिट्युटरीच गप्प, तर टीएसएच वाढणार कुठून? कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीलाही हुकूम जात नाही. अशा रुग्णाला आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराचा वेग वाढतो आणि उरलंसुरलं कॉर्टिसॉलही भराभर संपतं. म्हणून आधी स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉइड. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन गेलं, पुढचे डोस गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला बाई उठून बसल्या होत्या. भाकरी मागत होत्या. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा मागून खाल्लं, असं सासूबाई म्हणाल्या. मी गोळी चुकीच्या क्रमाने दिली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला जाताना पेढे दिले. ते काही घशाखाली उतरले नाहीत.

तर मुंबई. महापालिकेचं रुग्णालय, वॉर्डाच्या टोकाला एक खोली, दोन खाटा, एक वजनकाटा, भिंतीवर मोठं घड्याळ. तिला सगळे 'टेस्ट रूम' म्हणत. माझं पहिलं वर्ष बहुतेक त्याच खोलीत गेलं.

आयटीटी, म्हणजे इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट, पहिल्यांदा केली तेव्हा माझेच तळहात ओले झाले होते. एमडीची तीन वर्षं रुग्णाची साखर खाली जाऊ नये म्हणून धावण्यात गेलेली. इथे मुद्दाम ती खाली न्यायची. शिरेतून इन्सुलिन, किलोमागे साधारण ०.१ युनिट, आणि मग शेजारी बसून राहायचं. साखर ४०च्या खाली जायला हवी. त्या संकटाला शरीर ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल सोडून उत्तर देतं का, हे बघायचं असतं. हृदयविकार किंवा फिट्स असणाऱ्याला ही टेस्ट करायची नाही. बाकीच्यांनाही करताना २५ टक्के डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) भरलेली सिरिंज हाताशी पाहिजे. पंचविसाव्या मिनिटाला समोरचा मुलगा घामाने डबडबला, "मॅडम, कसंतरी होतंय" म्हणाला, आणि मला पाठीमागून सिनियरचा आवाज आला, "हेच हवंय. आधी रक्त घे. मग डेक्स्ट्रोज." त्या दहा-पंधरा सेकंदांत हात आवरून रक्त घेणं मला जड गेलं. नंतर सवय झाली. पण शेजारची खुर्ची सोडून मी तिन्ही वर्षांत एकदाही उठले नाही.

वॉटर डिप्रायव्हेशन टेस्टची, म्हणजे पाणी बंद करून लघवी घट्ट होते का ते बघण्याची, गंमत वेगळी. दिवसाला नऊ-दहा लिटर पाणी पिणारा बावीस वर्षांचा मुलगा. सकाळपासून पाणी बंद, दर तासाला वजन, दर तासाला लघवी मोजायची. वजन ३ टक्क्यांहून जास्त उतरलं तर टेस्ट थांबवायची. याचं वजन दुपारी बारा वाजता सहाशे ग्रॅमने वाढलं. मी काटा दोनदा शून्यावर आणला. मग वॉर्डमामांना विचारलं.

"तोंड धुवायला गेला होता, मॅडम. वीस मिनिटं."

मुलगा शपथेवर सांगत होता की फक्त चूळ भरली. टेस्ट रद्द. पुढच्या आठवड्यात मामा न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसले आणि मुलाशी क्रिकेटवर गप्पा मारत राहिले. त्या दिवशी निकाल लागला. डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं औषध, दिल्यावर लघवी घट्ट झाली, म्हणजे दोष मूत्रपिंडाचा नव्हता, शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिनच पिट्युटरीकडून येत नव्हतं. या आजाराचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी याचा काही संबंध नाही. तरी पेपरवर 'डायबेटिस' वाचून किचनमधून त्याला तीन दिवस बिनसाखरेचा चहा येत होता. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन हे नाव बदलायचं सुचवलं, कारण याच गोंधळाने कुठेकुठे रुग्णांचं डेस्मोप्रेसिन बंद झालेलं होतं. नवं नाव आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी. लांबलचक आहे, पण चहात साखर तरी येते.

आणि बर्फ. एसीटीएच हा पिट्युटरीचा हुकूम ॲड्रिनलला पोचवणारा हार्मोन बाहेर काढल्यावर भराभर विरतो. रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, ट्यूब बर्फात, आणि लॅबपर्यंत अक्षरशः धावत. एका मे महिन्यात विभागातला फ्रिज बंद पडला तेव्हा मी गेटबाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडून पंधरा दिवस बर्फ आणत होते. तो पैसे घेत नसे. "पेशंटसाठी ना?" एवढंच. कधीकधी मी स्वतःसाठी एक ग्लास घ्यायचे, तेव्हा मात्र पूर्ण पैसे घ्यायचा.

पहिल्या वर्षाची मोठी चूक रात्रीची आहे. कुशिंगचा संशय असलेल्या एक ताई दोन दिवस आधीपासून दाखल होत्या, मुद्दामच, कारण हॉस्पिटलच्या नवेपणानेसुद्धा कॉर्टिसॉल चढतं. रात्री बाराला झोपेतलं रक्त घ्यायचं होतं. त्यासाठी संध्याकाळीच हातात सुई बसवून ठेवायची असते, म्हणजे रात्री अंधारात, न उठवता, हळूच रक्त काढता येतं. संध्याकाळी इमर्जन्सीत डीकेएचा, म्हणजे डायबेटिस जिवावर बेतलेला, पोरगा आला आणि मी ती सुई बसवायची विसरले. बाराला जाऊन शीर शोधली, बॅटरी तोंडावर पडली, ताई दचकून उठल्या, रडू लागल्या. मी त्यांना शांत केलं, रक्त घेतलं आणि वेळ लिहिली: १२.१०. सकाळी सरांनी विचारलं, "झोपेत?" खोटं बोलता आलं असतं. "नाही, सर." त्यांनी रिपोर्ट यायच्या आधीच त्या सँपलवर काट मारली. "तुझ्या बॅटरीचं कॉर्टिसॉल आहे ते." ताईंना आणखी एक रात्र राहावं लागलं. त्यांचा मुलगा घरी शेजाऱ्यांकडे होता.

मुंबईच्या ओपीडीत वेळ हा विषय पुस्तकातल्यापेक्षा अवघड होऊन येतो. डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी रात्री अकराला घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं, कॉर्टिसॉल दबलं का ते बघायला (कुशिंगमध्ये ते दबत नाही), इतकी सोपी टेस्ट. पण आठला परळ-शीव भागात पोचायचं तर कसाऱ्याच्या बाईंना पहाटेची लोकल धरावी लागते. त्यांनी मला विचारलं, "अकराला उठून गोळी, परत साडेतीनला उठून डबा, मग झोपू कधी?" पावसात गाड्या कुर्ल्याला तुंबल्या की आठचं रक्त दहाला यायचं. मग फोनवर हिशोब: गोळी नक्की कधी घेतली, वाटेत काही खाल्लंत का. एका इमारतीचे वॉचमनकाका होते, अठरा वर्षं रात्रपाळी. त्यांना बाराचं कॉर्टिसॉल करायचा कागद मीच लिहिला होता. सिनियरने तो फाडला. "त्यांची मध्यरात्र दुपारी असते." आणखी एकांची गोळीची टेस्ट बिघडलेली आली, कॉर्टिसॉल दबतच नव्हतं. जुने कागद चाळल्यावर टीबीच्या औषधांचं कार्ड सापडलं. रिफॅम्पिसिनमुळे यकृत डेक्सामेथासोनचा फार लवकर फडशा पाडतं, गोळी काम करायच्या आत संपते. टीबी आमच्या शहरात इतका, की त्यानंतर मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारू लागले.

हायपरथायरॉइडच्या, म्हणजे थायरॉइड जास्त काम करणाऱ्या, रुग्णांना आम्ही रेडिओआयोडीनसाठी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला पाठवायचो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे केंद्र १९६३ पासून तिथे आहे. औषध म्हणजे किरणोत्सारी आयोडीन-१३१, अर्धआयुष्य ८ दिवस. घोटभर घ्यायचं, मग काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं, वेगळं झोपायचं. हे मी एका सुनेला समजावत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमची दहा बाय बाराची खोली. सहा माणसं, त्यात जावेचं तान्हं. लांब म्हणजे कुठं, मॅडम?" पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. सोशल वर्करताईंनी दोन तास फोन करून जाऊबाईंची माहेरी जायची तारीख जुळवून आणली. उपचाराची तारीख मग त्यावरून ठरली.

लहान मुलांच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये मी सिरिंजचं टोपण बघायला शिकले. आपल्याकडे साधं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीत येतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. महागडी नवी इन्सुलिनं १०० युनिटची, त्यांची सिरिंज केशरी. चुकीची जोडी जमली की डोस अडीच पटींनी चुकतो. एक आई दर महिन्याला "बरोबर देते हो" म्हणायची, तरी पोराची साखर तीनशेच्या खाली येईना. तिला म्हटलं, ताई, उद्या पिशवीच घेऊन या. पिशवीतून निघाली ४०ची बाटली आणि केशरी टोपण. केमिस्टकडे लाल संपली होती म्हणे. घरी फ्रिज नव्हता. बाटली ती ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायची, आणि ते अगदी बरोबर करत होती.

तक्रारी होत्याच. हार्मोनच्या किट्स संपायच्या आणि खरेदीची फाइल कुठल्या टेबलावर आहे ते कुणालाच माहीत नसायचं. विद्यावेतन एकदा तीन महिने रखडलं. थिसिससाठी पॅराथायरॉइडचे रुग्ण गोळा करता करता नैतिक समितीचे इतके फॉर्म भरले, की आमच्यात कुणाचं लग्न ठरलं तरी 'संमतीपत्र घेतलंस का' असा विनोद चालायचा. थिसिसबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. तो वेळेत गेला.

पहिल्याच वर्षी एक वडील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. उंची १३९. वर्गात सगळ्यात बुटका, शाळेत चिडवतात. "उंचीचं इंजेक्शन असतं ना, ते द्या. पैशाचं बघतो मी." डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडांचं वय साडेअकरा, म्हणजे वाढ अजून बरीच बाकी. मग मी खिशातून ऑर्किडोमीटर काढला. झुरिकच्या आंद्रेआ प्रेडर यांनी वृषणांचं आकारमान मोजायला केलेली ही मण्यांची माळ, १ पासून २५ मिलिलिटरपर्यंतचे बारा मणी. मुलाची आजी हात जोडून म्हणाली, "जप करता व्हय, डॉक्टर?" मुलगा लाजून मेला. मणी बसला ३चा. ४ झाला की वयात येणं सुरू झालं असं धरतात.

"तुम्ही स्वतः कधी उंच झालात?" मी वडिलांना विचारलं.

ते थोडे घुटमळले. "कॉलेजात. अकरावीत मला लोक आठवीतला समजायचे."

मॅडमनी पेपर पाहिला. "थांबायचं. सहा महिन्यांनी माप." वडील चिडले. इतक्या लांबून आलो आणि औषध नाही? दुसरीकडे जाऊ म्हणाले. मला वाटलं, जाणारच. पण सहा महिन्यांनी आले. मणी ४चा होता.

अंतिम परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. चार लेखी पेपर, मग प्रॅक्टिकल, बाहेरगावचे परीक्षक. माझी लाँग केस ॲक्रोमेगालीची, म्हणजे मोठेपणी ग्रोथ हार्मोन जास्त सुटण्याच्या आजाराची, निघाली. रिक्षावाले काका, हात पंजासारखे, बोलणं जाड. नेहमीप्रमाणे चपलेचा नंबर विचारला, आठवरून दहावर गेला होता. अंगठी निघत नव्हती. जुना फोटो मागितला तर त्यांनी आधार कार्ड काढून दिलं. दहा वर्षांपूर्वीचा तो सडपातळ जबडा परीक्षकांनी भिंगातून पाहिला आणि पहिल्यांदाच हसले. मग विचारलं, ग्रोथ हार्मोन एकदाच तपासून निदान का होत नाही? कारण ते झटक्याझटक्याने सुटतं, आत्ता भरती, तासाने ओहोटी. म्हणून ग्रोथ हार्मोनमुळे बनणारा, दिवसभर स्थिर राहणारा आयजीएफ-१ बघायचा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून हार्मोन दबतो का ते पाहायचं. हे उत्तर मला झोपेतही आलं असतं.

व्हायवात मात्र दुसऱ्या परीक्षकांनी भलतंच विचारलं, "घरातल्या मिठात आयोडीन किती पाहिजे?" निदान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५. "आणि कारखान्यातून निघताना?" त्याहून जास्त. "मधे कुठे जातं?" ओल, ऊन, उघडी बरणी. मग गाडी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यावर गेली. तिथे १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. परीक्षक म्हणाले, "तुम्ही ओपीडीत आयुष्यभर जेवढे थायरॉइड बघाल, त्याहून जास्त त्या मिठाने वाचवलेत." मी मान डोलावली. मनात आईची मिठाची बरणी आली, गॅसशेजारी, कायम उघडी. बाहेर पडल्यावर पहिला फोन निकालाआधी त्या बरणीबद्दल केला. आईला वाटलं मी नापास झाले.

शेवटच्या आठवड्यातल्या ओपीडीत तो मुलगा आला. आता सतरा. ओठावर मिसरूड, आवाज फाटलेला. आजी नव्हती, आणि वडिलांना त्याने स्वतःच बाहेर थांबायला सांगितलं. ते दारातून म्हणाले, "मॅडम, यंदा दोनदा पँटी घेतल्या." मण्यांची माळ मी नव्या ज्युनियरच्या हातात दिली. १५चा मणी. मग तिने त्याला स्टॅडिओमीटरला उभं केलं, टाचा भिंतीला, नजर समोर, तीनदा माप. गेल्या वर्षभरात साडेनऊ सेंटिमीटर.

"एकशे एकोणसाठ पॉइंट पाच," ती म्हणाली आणि लिहू लागली.

सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर उंच असतो. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात.

"किती वाजता?" मी विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आकड्याशेजारी १०.२० लिहिलं.